अलार्मला घातलेली टोपी

साठीतली ती बाई आज समोर आली, तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही. ती बाई म्हणजे मीच, दहाएक वर्षांपूर्वीची. आपल्याला सगळं कळतं असं तिला वाटायचं, आणि जे कळत नाही ते कळून घेण्याच्या लायकीचं नसतंच.

ह्यांनी रिटायर झाल्यावर इथे परदेशात एक जुनी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली. पडदे तपकिरी, गालिचा तपकिरी, आत बसणाऱ्याचं तोंडही हळूहळू त्याच रंगाचं होई. आत शेगडी, बाहेरच्या कप्प्यात प्रोपेनची टाकी, आणि शेगडीजवळ अगदी घोट्याशी, गॅस गळला तर ओरडणारा अलार्म. "पायाशी अलार्म लावणारे हे लोक चंद्रावर कसे गेले?" असं मी ह्यांना विचारलं. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसण्याने त्या बाईचं काही अडत नसे.

मुलगा-सून इथल्याच रेडमंड गावात. सहा वर्षांच्या नातीला आम्ही समुद्राकडे नेणार म्हटल्यावर सून एवढंच म्हणाली, "आई, गाडी जुनी आहे. ही ट्रिप नीट झाली, तर उन्हाळ्यात चांगले पंधरा दिवस न्या तिला." म्हणजे परीक्षाच. आणि मी तर जन्माची पहिल्या नंबरवाली.

रात्री टाकी बंद करायची आणि सकाळी खटकन पूर्ण उघडायची, ही माझी घरची शिस्त. पहिल्याच सकाळी शेगडीची ज्योत मिणमिणती. चहा उकळेना. "इथल्या गॅसलाच दम नाही," मी निकाल दिला. कशीबशी पोह्यांची फोडणी केली, तर अलार्म कोकलायला लागला.

"हिंगामुळे," मी म्हणाले. वासही तसाच येत होता. पुण्याहून आणलेला खडा हिंग होता तो. मुलाच्या डिग्रीपेक्षा मला त्या हिंगाच्या उग्रपणाचा अभिमान. डबा तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधला. वास हटेना.

"तुम्ही झाकण नीट लावत नाही," मी ह्यांना सुनावलं.

"मी जन्मात त्या डब्याला हात लावलेला नाही."

"तेच म्हणतेय मी."

अलार्म पुन्हा ओरडला. सुनेचा फोन यायची वेळ झाली होती, आणि हा आवाज तिच्या कानी जाणं म्हणजे नापास. मी अंघोळीची टोपी काढली आणि अलार्मवर ताणून बसवली. आवाज घुसमटला. इतकी हुशारी मी कॉलेजातही दाखवली नव्हती.

फोन नातीने उचलला. "मम्मा, आजीने अलार्मला शॉवर कॅप घातलीय. त्याला हिंग आवडत नाही."

तिने फोन माझ्या कानाला लावला. मग सुनेचा आवाज, अगदी शांत. "आई, सगळे बाहेर या. कुठलंही बटण दाबू नका, लाइटचंसुद्धा. बाबांना टाकी बंद करायला सांगा. दारं उघडी राहू देत. मी निघतेय."

दुपारी ती आली. गाडीत वारा खेळून गेला होता. तिने माझा हिंगाचा डबा लांब पिकनिक टेबलावर नेऊन ठेवला, मग टाकी उघडली, अगदी हळू. "जोरात उघडली ना आई, की तिला वाटतं पाइप फुटला. ती स्वतःच गॅस अडवते. ज्योत म्हणून बारीक." आत जाऊन शेगडीखालच्या गॅसच्या नळीच्या जोडावर भांड्याच्या साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले. फुगत गेले. हिंग टेबलावर आणि वास गाडीत. रस्त्याच्या धक्क्यांनी जोड सैल झाला होता, आणि त्या बिचाऱ्या अलार्मला मी टोपी घातली होती.

तिने टाकी बंद केली, हात धुतले, नातीची बॅग उचलली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं. उन्हाळ्याचं नाव कुणी काढलं नाही. मी डबा छातीशी धरून त्या दोघींची गाडी वळेपर्यंत उभी. काय ती शोभा.

ह्यांनी जोड बदलून घेतला, नवा अलार्म बसवला, तोही घोट्याशीच. सून मात्र वर्षभर बधली नाही. पुढच्या उन्हाळ्यात नातीला घेऊन आली तेव्हा हातात साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली होती. मी हात पुढे केला. तिने बाटली नातीला दिली.

"चेक ही करेल."

नात आता माझ्याहून उंच झालीय. निघण्यापूर्वी आजही गुडघे टेकून एकेक जोड फवारते. "आजी, हिंग घेऊन बाहेर." मी निमूट डबा घेऊन बाहेर उभी राहते. एखाद्या वेळी चिमूटभर हिंग आत ठेवून येते. पोरीचं नाक कसं आहे, ते बघायला नको?