आधी गुड मॉर्निंग, मग केमिस्ट्री

"ब्लॅक कॉलेज? अगं, उद्या जॉबला कोण विचारणार तुला?" काकांनी पोह्यांची डिश खाली ठेवली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरहून एम.एस्सी. करून मी मिशिगनमध्ये, नोव्हायला काकांकडे आले होते. पुढच्या शिक्षणासाठी फीमाफी देणारं कॉलेज एकच निघालं. ते जॉर्जियात होतं, आणि गोऱ्यांच्या कॉलेजांत प्रवेश न मिळणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांसाठी फार पूर्वी सुरू झालेलं. काका ऐकेनात. मीही नागपूरची. "नाही म्हणायचं तर बघून म्हणेन," म्हटलं आणि बसचं तिकीट काढलं.

नोव्हायजवळच्या डेट्रॉइटहून संध्याकाळी बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारी अटलांटा. विमानापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. स्वेटर मात्र हाताशी ठेवा, बसमधला एसी हाडं गोठवतो. पुढे लोकल बसने कॉलेज गाठलं, हॉस्टेलमध्ये खोली मिळाली.

सकाळी कॅन्टीनमध्ये ग्रिट्स खाल्ले. मक्याच्या भरड्याचा, फोडणी न दिलेला उपमा समजा. लोणचं बरोबर न्या, माझं ऐका. मग मान खाली घालून, कुणाकडे न बघता मी सरळ केमिस्ट्री विभागात गेले. अनोळखी लोकांमधून मुलीने असंच चालायचं, हे आईने घोटून घेतलेलं.

विभागप्रमुख बाई दारातच उभ्या होत्या. "हनी, आत्ता चार मुलांच्या शेजारून आलीस. एकालाही गुड मॉर्निंग नाही. आम्ही आवडलो नाही का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईची शिकवण कशीबशी सांगितली, तेव्हा त्या खळखळून हसल्या. "इथे वाटेत दिसेल त्याच्याशी बोलायचं. आमच्याकडे न बघता जाणारे बाहेर पुष्कळ आहेत."

प्रयोगशाळेत एक नायजेरियन मुलगा होता, आणि जवळच्याच गावातली दोन लेकरांची गोरी आई. मी चकित होऊन विचारलं, "इथे सगळ्यांना घेतात?"

"दारं त्यांनी बंद केली होती," बाई म्हणाल्या. "आम्ही कधीच नाही."

माझा निर्णय तिथेच झाला. बाहेर पडून मी अख्खा कॅम्पस पुन्हा चालले, दिसेल त्याला गुड मॉर्निंग करत. पहिल्या दोघांना आवाज नीट फुटला नाही. मग जमलं.

परतल्यावर काकांनी विचारलं, "काय, कॅन्सल केलं ना?"

"ऑगस्टमध्ये जॉइन होतेय."

काकांनी पुन्हा नोकरीचा विषय काढला. (नोकरीचं विचारणाऱ्यांसाठी: मिळाली, आणि चांगली मिळाली.)

दुसऱ्या दिवशी अंगणात होते, तेवढ्यात पोस्टमन आला. कृष्णवर्णीय, केस पिकलेले. मी गुड मॉर्निंग म्हटलं. तो थबकला, टोपी काढून हसला, नाव सांगितलं, माझं विचारलं.

काका दारातून बघत होते. "तू ओळखतेस याला?"

"आत्ताच ओळख झाली. तुमच्याकडे किती वर्षं येतोय हा, काका?"

काका आत वळले. पण दुसऱ्या दिवशी टपालाच्या वेळेला ते माझ्या आधी अंगणात जाऊन उभे होते.