पुदिन्याचा डबा आणि आत्याला मिळालेला मेमो

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमच्या आत्यानं बावीस वर्षं काचेच्या ताटल्या धुतल्या. नुसत्या धुतल्या नाहीत. त्यांत आगर, म्हणजे जंतू पोसणारी जेली, ओतायचं, त्यावर जंतू पसरायचे, पेटीत ऊब द्यायची आणि दुसऱ्या दिवशी साहेबलोक "मी वाढवले" म्हणाले की मागे गुपचूप उभं राहायचं, अशी ती नोकरी.

विभागाचे सर पुदिन्याच्या तेलावर संशोधन करत होते. म्हणजे काय, तर तेलात भिजवलेली कागदाची टिकली जंतूंच्या ताटलीत मधोमध ठेवायची. टिकलीभोवतीचे जंतू मेले की स्वच्छ कडं दिसतं. कडं जेवढं मोठं, तेवढं तेल जालीम. सोबत एक ताटली कोऱ्या टिकलीची. तिच्यात जंतू माजायलाच हवेत, नाहीतर तेलानं मारले हे कशावरून? एवढं आत्याला कळत होतं. सरांना टाळ्या कळत होत्या.

शोध चोरीला जाईल म्हणे! म्हणून सर सगळ्या ताटल्या एकाच पत्र्याच्या डब्यात कोंबायचे आणि वर चिकटपट्टीचे चार वेढे. मजलाभर टूथपेस्टचा वास, आणि संशोधन गुप्त.

डबा उघडला, तर कोऱ्या टिकलीची ताटलीही लख्ख, जंतूंचा पत्ता नाही.

"मावशी, जंतू घालायला विसरलात!"

"बावीस वर्षांत नाही विसरले, सर."

"मग आगर बिघडवलंत. वय झालं की व्हायचंच असं."

संध्याकाळी हातात मेमो. पुन्हा चूक झाली तर नोकरी संपली. निवृत्तीला उरली होती तीन वर्षं.

घरी येऊन आत्या बाबांसमोर धपकन बसली.

"दादा, तो डबा धुवायला घेतला, तर डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. माझी ही गत, तर डब्यातल्या इवल्याशा जंतूंचं काय होणार? तेलाची वाफच भिनली सगळ्या ताटल्यांत."

"मग सांग ना त्यांना."

"सांगून कळणारे असते, तर सर झाले असते का?"

दुसऱ्या दिवशी तिनं एकाच भांड्यातलं आगर दोन ताटल्यांत ओतलं. जंतूही तेच, टिकल्या दोन्हींत कोऱ्या. एक ताटली तेलाच्या ताटल्यांसोबत सरांच्या डब्यात, दुसरी वेगळ्या डब्यात, वेगळ्या पेटीत. सरांनी विचारलं नाही. मावशी काय करते हे कोण बघतं?

सकाळी "आगर एकच, जंतू एकच, डबे तेवढे वेगळे," म्हणत तिनं दोन्ही डबे वर्गासमोर उघडले. सरांच्या डब्यातली ताटली लख्ख. दुसरीत जंतू दुधावरच्या सायीसारखे दाट. मागच्या बाकावरून खी खी सुरू झाली.

सरांनी दोन्ही ताटल्या शेजारी शेजारी धरल्या. मग टेबलावर थाप! "वाफ! नुसती वाफसुद्धा मारते! माझ्या मनात होतंच हे."

"मनात होतं, तर मेमो कुणाच्या मनातून आला?"

"अहो, तो फाडून टाकतो मी."

"फाडू नका. त्याच्याखालीच लिहा."

सरांनी लिहिलं, 'तांत्रिक कारणामुळे मेमो रद्द.' आत्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"तांत्रिक कारण म्हणजे तुम्हीच ना, सर? मग नाव घाला की."

वर्ग बघत होता. सरांनी नाव घातलं, सही केली. आत्यानं कागदाची घडी पदराच्या टोकाला बांधली आणि पुदिन्याचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

"हा तुमचा तुम्ही धुवा. वास लवकर जात नाही."