पत्रिकेतून गळालेले ‘नाही’

नलिनीअक्कांची आणि माझी ओळख माझ्या चुकीतून झाली. मी एका मराठी दैनिकाचा बेंगळुरूचा वार्ताहर. बनशंकरीत टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत रॉक बँडचा सराव ऐकायला गेलो होतो. तीन पुरुष वाजवत होते आणि निपाणीकडच्या, सुती साडीतल्या प्राणिशास्त्राच्या एक प्राध्यापिका माइकशी भांडल्यासारख्या गात होत्या. संस्कृत पाठशाळेत घडलेली लेखणी सवयीने चालते. मी बातमीत ‘कोकिळकंठी’ असे लिहिले. सकाळीच या प्राध्यापिकांचा, म्हणजे नलिनीअक्कांचा, फोन आला.

“शास्त्रीबुवा, कोकिळा गात नाही हो. गातो तो नर, आणि मान मात्र तिला. आमच्या बँडमध्ये उलटं आहे. गाते मी, मान नरांना.”

मी हसलो आणि विसरलो. पुढे वर्षानुवर्षे ‘बँडची नवी गाणी’ असेच छापत राहिलो. शब्द अक्कांचे, चाली अक्कांच्या. तेव्हा या लेखात जो राग आहे, त्याचा पहिला वाटेकरी मी स्वतः.

अक्कांचा स्वभाव सांगायचा तर एक गोष्ट पुरे. माझ्या आईला शेवटी शेवटी ऐकू येईनासे झाले होते. दर गुरुवारी अक्का कॉलेज सुटल्यावर दोन बस बदलून जयनगरला आमच्याकडे येत आणि आईच्या उशाशी बसून ओव्या म्हणत. त्याही रॉकच्या पट्टीत. शेजारच्या बाई खिडकीतून म्हणायच्या, “अक्का, स्वल्प हळू!” आई मला म्हणाली, “इतक्या दिवसांत ही पहिली बाई स्पष्ट बोलली बघ.”

अशा या अक्का बँडमध्ये मात्र एकच शब्द बोलत: ‘सरी’. कन्नडमध्ये ‘ठीक आहे’. सराव लांबला, सरी. कार्यक्रमात त्यांचे मराठी गाणे गाळले, सरी. पोस्टरवर तिघांचे चेहरे मोठे आणि अक्का कोपऱ्यात, तरीही सरी. मी एकदा चिडवले, “अक्का, तुमच्या शब्दकोशात एवढी एकच नोंद आहे का?” त्या म्हणाल्या, “दुसरी आहे. राखून ठेवलीय.”

साठावे वर्ष लागले आणि ती नोंद निघाली. बँडच्या गिटारवाल्यांनी (त्यांचे नाव लिहीत नाही, शाई अक्कांसाठी ठेवली आहे) सरावाला प्रस्ताव मांडला.

“अक्का, आता तुम्ही मार्गदर्शक व्हा. गाणी तीच, समोर नवी मुलगी गाईल. तुमच्यासाठी बाजूला चांगली खुर्ची ठेवू.”

सगळे ‘सरी’ची वाट पाहत होते. अक्कांनी आपला माइक पुसून पिशवीत घातला.

“गाणी माझी आहेत, खुर्ची तुमची. सरी इल्ला.”

म्हणजे, हे ठीक नाही. एवढे बोलून त्या जिना उतरल्या.

त्यानंतर येलहंक्यात भाचीच्या घरी त्यांनी आपला पहिला एकटीचा अल्बम केला. नाव, अर्धे कन्नड अर्धे मराठी: ‘सरी नाही’. शीर्षकगीत चालू असताना वरून हवाई दलाचे विमान गेले. ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ म्हणाले, पुन्हा घेऊ. अक्का म्हणाल्या, “राहू द्या. त्याला कुणी ‘स्वल्प हळू’ म्हणत नाही.” तो आवाज अल्बममध्ये आहे. त्याच्यावर अक्कांचा आहे.

आणि आता आमचे इथले मराठी मंडळ. अक्कांची साठी आणि अल्बमचे प्रकाशन एकत्र करायचे ठरले, हा गौरवांक ठरला, पत्रिका छापून आली. वर मोर, खाली छत्री, मध्ये: “‘सरी’: पाऊसगाण्यांची सुरेल भेट”. पुण्याहून नव्याने आलेल्या आमच्या सचिवांना ‘सरी’ म्हणजे पावसाच्याच ठाऊक. ते अज्ञान मी माफ करतो. पण ‘नाही’ कुठे गेले?

“अहो, शुभपत्रिका आहे,” सचिव म्हणाले. “तिच्यावर नकार कसा छापायचा? आणि तुमच्या लेखात ‘बँडमधून सन्मानाने निवृत्त’ असं घ्या. उगाच कटुता नको.”

संस्कृतात ‘न’ हे अव्यय. ज्याचा व्यय होत नाही ते. मंडळाच्या समितीने एका बैठकीत त्याचा व्यय करून दाखवला! ज्या बाईंनी आयुष्यभराच्या ‘सरी’नंतर एकदा नकार दिला, त्यांचा सत्कार तो नकार खोडून करायचा, याला गौरव म्हणत नाहीत. ही दुसरी खुर्ची झाली. मी हे सचिवांना सांगितले, बऱ्याच वरच्या पट्टीत. मग त्यांच्यासमोरच अक्कांना फोन लावला.

“‘नाही’ छापा,” अक्का म्हणाल्या, “नाहीतर मी नाही.”

पत्रिका पुन्हा छापायला वेळ नव्हता. अक्का मंडळात आल्या, काळे मार्कर मागवले आणि प्रत्येक पत्रिकेवर ‘सरी’पुढे स्वतःच्या हाताने ‘नाही’ लिहीत बसल्या. सचिव एकेक पत्रिका पुढे सरकवत होते. मोर आणि छत्री राहिली; त्यांचा दोष नाही.

म्हणून इथे नोंदवतो: नलिनीअक्का निवृत्त झालेल्या नाहीत. त्या निघून आल्या आहेत, आपली गाणी घेऊन.

वयाने लहान असल्याने आशीर्वाद देता येत नाही, मागणे मात्र मागतो. अक्का, तुम्हांला शंभर वर्षे मिळोत, गुडघे धड राहोत आणि घसा असाच बेसुमार राहो. बाकी कशालाही नाही म्हणा. एवढ्याला तेवढे सरी म्हणा.