भैरवीच्या आधी

शेजारच्या काकांनी जन्मभर गाण्यांपायी प्रवास केला. नागपूर म्हटलं की त्यांना मारवा आठवतो, इंदूर म्हटलं की सारंगी. पण मैफलीच्या शेवटची भैरवी सुरू झाली की ते चपला शोधत. घरी, पांढुर्ण्याला, परतायची गाडी चुकायला नको!

परवा मैफल आमच्याच गल्लीत होती. भैरवी लागली आणि काका उठले.

"काका, आज कोनती गाडी पकडून राहिले?" मी विचारलं.

"एकदाच पुरी भैरवी आयकली गा, गोव्याले, समुद्राच्या वाळूत बसून. तुही काकू हात धरून बसली होती. उठूच देत नव्हती."

काकूंना जाऊन वर्षही झालं नाही. मी काकांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि समोरच्या आपल्या कुलूपबंद घराकडे चालू लागले.