यंदा तलावावर गळ टाकता येणार नाही

धरणाचा तलाव गाळ काढण्यासाठी रिकामा केलाय. आज सकाळी तिथल्या पहारेकऱ्यानेच सांगितलं. "मासे खलास," म्हणाला.

मंडळी, थंडी पडली की मी आणि माझी मुलगी सई दर शुक्रवारी, म्हणजे आखातातल्या सुट्टीच्या दिवशी, अल खौदमधल्या घरून तिथे चिलापी मासे पकडायला येतो. आमचा नियम एकच: काठावर फक्त मराठी. ज्याच्या तोंडून इंग्रजी वाक्य निघेल, त्याने गळ बाहेर काढून बसायचं. घरी सई माझ्याशी इंग्रजीतच, तेही जेमतेम बोलते. तिथे मात्र मासा लागेपर्यंत अडखळत का होईना, मनातलं सगळं सांगते.

आज समोर नुसता चिखल होता.

"बाबा, मग आता आपण कुठे बोलायचं?"

"घरी बोलू की."

"घरी तू फोनवर असतोस."

परतताना गाडीत तिने कानात हेडफोन घातले.

तुमची मुलं तुमच्याशी कुठे बोलतात हो? खरंच विचारतोय.

पाऊस झाला तर पुढच्या थंडीत तलाव भरेल, असं पहारेकरी म्हणाला. सई त्याआधीच शिकायला कॅनडाला जाणार आहे.