धसकटांतली सरासरी

माझा मित्र मधू गेल्याचं मला खालापूरच्या एसटी स्टँडवर कळलं. कर्जतच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा. त्याने खिडकीतूनच हाक मारली, "भाऊ, तुमचं मधूसर गेलं. पहाटं. झोपेतच..." एवढं बोलून त्याने घंटी मारली, कारण गाडीची वेळ झाली होती. मी धावत जाऊन त्याच गाडीत बसलो.

पुढे शाळेत शोकसभा झाली. मधूच्या फोटोच्या हारापेक्षा अध्यक्षांच्या गळ्यातला हार मोठा होता. एका वक्त्याने सांगितलं की, क्रिकेटवर प्रेम करणारे आमचे गणिताचे सर अर्धशतकाच्या उंबरठ्यावर बाद झाले. टाळ्या वाजवायच्या की नाहीत, हे लोकांना पटकन कळेना. मधू तिथे असता तर त्याने विचारलं असतं, "पन्नास काय नि सत्तेचाळीस काय? चेंडू किती घेतले ते सांग."

हा प्रश्न त्याला आमच्या भातशेतीत सुचला होता. कापणी उरकली की मोठंसं खाचर बघून आम्ही त्याचं मैदान करायचो. मधोमध पट्टी ठोकून सपाट करायची, भोवतालचा बांध हीच सीमारेषा. गावागावांचे ठरावीक षटकांचे सामने शिमग्यापर्यंत चालत. मधू उत्तम खेळायचा असं नाही, पण गुणलेखन त्याच्याशिवाय कुणी करत नसे. पावसाच्या तोंडावर भारताने विश्वचषक जिंकला त्या वर्षी आमच्याकडे जो तो फलंदाजांच्या सरासऱ्या सांगत सुटला होता. मधूला ते पटेना. एकदिवसीय सामन्यात चेंडू मोजूनच मिळतात. एकाने शंभर चेंडूंत चाळीस धावा केल्या आणि दुसऱ्याने पंचवीस चेंडूंत तीस, तर सरासरी पहिल्याला मोठा म्हणते आणि सामना दुसरा जिंकून देतो. शिवाय नाबाद राहिलेल्या डावांनी सरासरी फुगते ती वेगळीच. म्हणून प्रत्येकाने किती चेंडू घेतले तेही तो टिपू लागला आणि चेंडूमागे किती धावा हा वेग काढून, त्याने सरासरीला गुणून क्रम लावू लागला. बांधावर बसलेली माणसं त्याची थट्टा करायची. आऊट होऊन परत येणारा मात्र चोरट्या आवाजात विचारायचा, "सर, माझं किती झालं?"

थट्टा संपली ती मोहोपाड्याच्या एका कारखान्यामुळे. त्यांना आपल्या संघासाठी एक फलंदाज हवा होता. नोकरी कायमची, राहायला खोली. तालुक्यातले सगळे सामने मधूने पाहिलेले, म्हणून नाव त्यानेच सुचवावं असा निरोप आला. नावं दोनच होती. कळंबचा नामदेव, उंच फटके मारणारा. आणि शांताराम, मधूचा सख्खा धाकटा भाऊ.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर होतो. शांतारामने सरळच विचारलं, "दादा, माझी सरासरी जास्त हाय का नाय?"

"हाय."

"मग?"

"तू बॉल फार खातोस रं. मॅच हरते आनि तू नाबाद."

आई आतून म्हणाली, "बॉल मोजतोस तशी घरातली तोंडं मोज की जरा."

मधूने नामदेवचं नाव कळवलं. गावात त्याचं कौतुक झालं. सख्ख्या भावालाही सोडलं नाही, असं लोक एकमेकांना सांगू लागले. मला तेव्हाही त्या कौतुकाची थोडी भीती वाटली होती. माणूस बरोबर आहे का, हे न बघता तो कठोर आहे यावरच लोक खूश होते.

नामदेवचा खेळ पाहायला आम्ही दोघे मोहोपाड्याला गेलो. कारखान्याचं मैदान कापलेल्या हिरवळीचं, रूळ फिरवलेलं. नामदेवने दोन चेंडू उंच मारले, तिसरा सीमेवर झेलला गेला. मधूचं तिकडे लक्षच नव्हतं. पुढच्या फलंदाजाने चेंडू नुसता हलकेच ढकलला होता आणि तो हिरवळीवरून घरंगळत, कुणाला न सापडता, थेट सीमेपार गेला. मधू त्या चेंडूकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "धसकटं... धसकटं मोजलीच नाहीत रे मी."

मलाही तेव्हाच उमगलं. आमच्या खाचरात कापणीनंतर उरलेली भाताची धसकटं तशीच उभी असायची. शांतारामचे फटके जमिनीलगत जायचे आणि धसकटांत अडकून राहायचे. जिथे चौकार मिळायचा तिथे एक धाव, कधी तीही नाही. नामदेव धसकटांवरून मारायचा. चेंडू खाल्ले होते ते शेताने, आणि मधूने ते मांडले होते भावाच्या नावावर.

घरी जाऊन त्याने जेवताना सगळ्यांसमोर हे सांगितलं. शांतारामने घास खाली ठेवला. "आता सांगतोस व्हय?" एवढंच म्हणून तो पानावरून उठला. नोकरी एकदाच आली होती. नामदेव चार सामन्यांतच संघातून गेला, पण नोकरीत टिकला. शांताराम पुढे टेंपो चालवू लागला. दोघे भाऊ एकाच घरात राहिले, शेतही एकत्र केलं, पण क्रिकेटचा शब्द त्यांच्यात पुन्हा निघाला नाही. मधूने मात्र त्यानंतर दोन फलंदाजांची तुलना कधीच केली नाही. कुणी फारच खनपटीला बसलं तर म्हणायचा, "दोघांना एकाच शेतात खेळव, मग ये."

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. तुझ्या मुलीचं शिक्षण करू, असं सांगून झालं. घर दुरुस्त करू, असंही झालं. कावळे समोरच्या झाडावर बसून होते. भटजी घड्याळाकडे बघू लागले. तेव्हा इतका वेळ मागे उभा असलेला शांताराम पुढे आला. पिंडाजवळ उकिडवा बसला आणि ओटीवर बोलावं तसं बोलला, "दादा, जा आता. मला धाडलं असतंस तरी मी काय दिवे लावनार होतो? पयल्याच बॉलला आऊट झालो असतो मी."

हे खोटं होतं. ते त्यालाही माहीत होतं, मलाही.

तो उठून चार पावलं मागे सरला आणि एक कावळा खाली उतरला. लोकांनी हात जोडले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. एका कावळ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं मधूने तिथल्या तिथे सुनावलं असतं. आता तो म्हणेलच, म्हणून मी सवयीने शेजारी वळून पाहिलं...