विमानाची लाल रेघ

ती लाल रेघ माझ्या गाडीसाठी नव्हती. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे, की मी तोंड उघडलं की घरातली माणसं पाणी प्यायला उठतात. उठोत.

गाडी दोन माणसांची, उघडी, बुटकी, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. देहूरोडच्या छावणीतला एक गोरा अधिकारी मायदेशी परतताना मला विकून गेला. जाताना म्हणाला, इंजिन जपा, याचे सुटे भाग आता आमच्याकडेही मिळत नाहीत. त्या इंजिनाला सुपरचार्जर होता. पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप म्हणा. मिस्त्री त्याला ब्लोअर म्हणत. इंजिन स्वतः ओढेल त्याहून जास्त हवा-पेट्रोल तो आत कोंबतो, म्हणून गाडी पळते. पण प्रमाणाबाहेर कोंबलं की पेट्रोल वेळेआधी पेटतं, इंजिन आतून ठोके द्यायला लागतं आणि पिस्टन वितळतं.

हे प्रमाण कळायची गाडीत सोयच नव्हती. मी पिंपरीच्या एका कारखान्यात भांडार सांभाळत होतो. न मोजता काही चालवणं मला जमत नाही. घरी दूधसुद्धा मी आमच्या मापाने घेतो. म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून, लष्कराने मोडीत काढलेल्या डिस्पोजलच्या मालाच्या ढिगातून, दाब दाखवणारं एक गेज आणलं. लढाईतल्या विमानातलं. तबकडीवर शून्यापासून पुढे आकडे आणि बारावर ठसठशीत लाल रेघ. सोबत तेलाची उष्णता दाखवणारं दुसरं गेज. चिंचवडच्या मिस्त्रींनी डॅशबोर्डखाली पत्र्याची पट्टी ठोकून दोन्ही बसवली आणि ब्लोअरपासून तांब्याची बारीक नळी गेजपर्यंत आणली.

निगडीच्या चढाला काटा सहावर जाऊन थांबला. इतकी वर्षं जे नुसतं कानाने ऐकत होतो त्याला आकडा मिळाला. मी सातवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. त्याच्या पुढे जायचं नाही. बारा हा विमानाच्या इंजिनाचा हिशेब. ते इंजिन वेगळं, त्याचं पेट्रोल वेगळं. आमच्या रस्त्यावर मिळणाऱ्या पेट्रोलवर मी आठचाही भरवसा दिला नसता.

भाऊबिजेला धाकटी बहीण आणि मेहुणे पुण्याहून आले. मी मेहुण्यांना शेजारी बसवून एक फेरी मारून आणली. परत आल्यावर ते सगळ्यांसमोर ओसरीवर म्हणाले, "दादा, तुमचा काटा निम्म्यावरच दमतो की!"

"तेवढाच जायला हवा."

"मग पुढचे आकडे काय शोभेला छापलेत?"

"ते विमानासाठी छापलेत."

"म्हणजे गेज विमानाचं आणि चाल बैलगाडीची! वा, दादा!"

सगळे हसले. आई तर डोळे पुसेपर्यंत हसली. वर म्हणाली, "त्यांना हौस आहे तर दे की चालवायला. जावई माणूस."

आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. खुंटीवरची किल्ली घेऊन मेहुणे आधी मिस्त्रींकडे गेले आणि म्हणाले, दादांनी सांगितलंय, ब्लोअरला लहान पुली बसवा. पुली लहान झाली की ब्लोअर जास्त वेगाने फिरतो आणि दाब वाढतो. एवढं मात्र त्यांना ठाऊक होतं! मग बहिणीला घेऊन ते वडगावच्या दिशेने निघाले.

संध्याकाळी मी घरी पोचतो तो गाडी ट्रकमागे काथ्याच्या दोराने बांधून आणलेली. मेहुणे हसत उतरले.

"दादा, गंमत म्हणजे काटा लालपर्यंत पोचलाच नव्हता. साडेदहा. दीड बाकी होता अजून!"

"इंजिन ठोके देत नव्हतं?"

"देत होतं की. मला वाटलं, जोर चढला."

मिस्त्रींनी इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनला भोक. माझं बोट आरपार गेलं. मी मिस्त्रींवर ओरडलो. ते खाली बघत म्हणाले, "साहेब, दाजी म्हणाले तुमचा हुकूम आहे. घरच्या जावयाला खोटं पाडू का मी?"

रात्री पानावर बसल्यावर मी मेहुण्यांना स्पष्ट म्हणालो, "वाचता येत नसेल तर हात लावू नये." ते ताटावरून उठले. मग सगळं घर माझ्यावर उलटलं. आई म्हणाली, "लोखंडासाठी जावयाला उपाशी उठवलंस?" मी म्हणालो, लोखंड नाही, ॲल्युमिनियम. त्याने कोणाचं समाधान झालं नाही.

बहीण तेवढी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "मी सांगितलं होतं त्यांना, ठिपक्याच्या पुढे नको. तर म्हणाले, तो रंगाचा शिंतोडा उडालाय."

म्हणजे गाडीत वाचता येणारं एक माणूस होतं. त्याच्या हातात चाक नव्हतं.

पिस्टनसाठी मी पुणे पालथं घातलं, मुंबईला दोनदा गेलो, विलायतेला पत्रं लिहिली. मिळालं नाही. मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीचं घासून बसवायची तयारी दाखवली, मापात बसेना. गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली ती गेलीच.

आईने धोशा लावला, पुण्याला जाऊन जावयाची समजूत काढ. शेवटी गेलो. जाताना ते पिस्टन फडक्यात गुंडाळून नेलं आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीत मेजावर ठेवलं. वाटलं, वस्तू बोलेल. मेहुण्यांनी ते उचललं, भोकातून खिडकीकडे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "अरे वा, आठवण म्हणून आणलंत होय!"

अजून ते तिथेच आहे. पाहुणा आला की मेहुणे ते त्याच्या हातात देतात आणि सांगतात, साडेदहापर्यंत नेली होती मी, दीडच बाकी होता. पाहुणे माना डोलावतात. बहीण चहा आणते आणि दर वेळी, न चुकता, म्हणते, "ती रेघ विमानाची होती."

मग मेहुणे पाणी प्यायला उठतात.